विनीताच्या खात्याचं रूपांतर

८ जून, रविवार

अमेरिकन टॅक्सच्या फॉर्म ८६०६च्या सूचना आज तिसऱ्यांदा वाचल्या आणि तिसऱ्यांदा किळस आली. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांना जन्मभर त्याच वाचायला लावल्या पाहिजेत. ‘ओळ सहा पाहा, ती लागू नसेल तर ओळ आठ पाहा, पण ओळ चौदा आधी भरली असल्यास थांबा.’ अरे, थांबा काय? मी बसस्टॉपवर उभा आहे का?

आम्हाला न्यू जर्सी सोडून नऊ वर्षं झाली. पगार सिंगापूरचा, भाड्याचा फ्लॅट बेडोकचा, पण पासपोर्ट अमेरिकेचा, म्हणून चंद्रावर गेलो तरी तिथलं टॅक्स रिटर्न भरावंच लागणार. इथल्या मराठी मंडळात आमच्यासारखी चौदा कुटुंबं आहेत आणि रिटर्न भरायला सगळ्यांना हा प्रताप, म्हणजे मी, फुकटात हवा असतो. पुढच्या रविवारी कम्युनिटी क्लबच्या खोलीत माझं व्याख्यान आहे. विषय रॉथ. साध्या रिटायरमेंट खात्यातल्या पैशांवर म्हातारपणी काढताना कर लागतो. तेच पैसे रॉथ खात्यात वळवले की कर आजच भरायचा आणि पुढे एक छदामही द्यायचा नाही. या वळवण्याला कन्व्हर्जन म्हणतात. मी रूपांतर म्हणतो. इतकं सोपं आहे, तरी लोकांना वर्षानुवर्षं कळत नाही.

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी बायकोचं, विनीताचं, अख्खं खातं रॉथमध्ये वळवलं. एक लाख बासष्ट हजार डॉलर. करासाठी वीस टक्के तिथूनच कापायला सांगितले, म्हणजे आपल्या खिशाला झळ नको. तिला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नाही. सव्वीस वर्षं तिचं सगळं मीच बघतो. पासवर्ड माझ्या वहीत, ब्रोकरचा कोड माझ्या फोनवर, रिटर्नवर तिची सहीसुद्धा मीच ठोकतो. माझ्या खात्यातली रक्कम हिच्या तिप्पट, म्हणून आधी तिच्यावर करून बघितलं. जमलं की माझं. आणि नाही मानवलं तर ऑक्टोबरपर्यंत उलटवता येतं. २०११मध्ये बाजार पडला तेव्हा मी माझं असंच उलटवलं होतं.

१५ जून, रविवार

व्याख्यान झालं. चाळीस खुर्च्या, सत्तावीस माणसं, आणि त्यातली वीस सामोशांसाठी आलेली. शैलेंद्र पहिल्या रांगेत बसून घोरत होता. मंडळाचा अध्यक्ष म्हणे!

शेवटी तो रत्नदीप उभा राहिला. क्लेमेंटीला विद्यापीठात संशोधन करतो, विनीताच्याच विभागात. पाच वर्षं बोस्टनला होता, तेवढ्यावर स्वतःला तज्ज्ञ समजतो.

“दादा, माझी माहिती चुकीची असेल,” तो म्हणाला, “पण कन्व्हर्जन २०१८ पासून उलटवता येत नाही ना? त्या वर्षी नव्याने भरलेले पैसे तेवढे या खात्यातून त्या खात्यात फिरवता येतात. कन्व्हर्जन झालं की झालं.”

असल्या सौम्य माणसांचा मला तिटकारा आहे. ‘माझी माहिती चुकीची असेल’ म्हणायचं आणि सुरी खुपसायची.

मी म्हटलं, “रत्नदीप, तुमच्या लॅबमध्ये उंदरांचे रिटर्न भरतोस का रे?” खोलीत हशा पिकला. शैलेंद्र जागा होऊन हसला. मागे चहाचे कप लावत असलेली विनीता तेवढी हसली नाही.

घरी परतताना बसमध्ये तिने विचारलं, “तू मघाशी म्हणालास, घरच्याच एका खात्याचं केलंय. कुणाचं?”

“अगं, उदाहरण म्हणून बोललो.”

ती खिडकीबाहेर बघत बसली. बायकांना व्याख्यानातलं उदाहरण कळत नाही.

१७ जून, मंगळवार

रत्नदीप म्हणाला ते खरं आहे. कायदा बदलला आहे. आम्ही अमेरिका सोडली आणि दीड वर्षाने त्या लोकांनी गुपचूप नियम बदलला. किळसवाणी माणसं.

२० जून, शुक्रवार

सकाळी सहाला ब्रोकरला फोन लावला. म्हटलं, बाईमाणूस असेल तर समजून घेईल. बाईमाणूसच होतं. म्हणाली, “सर, हे खातं विनीता यांचं आहे. मी त्यांच्याशीच बोलू शकते.”

“मी तिचा नवरा.”

“हो सर. पण मी त्यांच्याशीच बोलू शकते.”

क्षणभर वाटलं, खाकरावं आणि आवाज बारीक करून पुन्हा फोन लावावा. छप्पन्न वर्षांचा माणूस मी. स्वयंपाकघरात उभा राहून बाईचा आवाज काढण्याचा विचार करतोय! या यंत्रणा माणसाला कुठल्या थराला नेतात बघा.

२९ जून, रविवार

सॉफ्टवेअरमध्ये सगळे आकडे भरले. कर बेचाळीस हजारांच्या आसपास. बत्तीस आधीच कापलेत, वर दहा अजून भरायचे. आणि एक घाणेरडा प्रकार निघाला. करासाठी जे कापून घेतले ते रॉथमध्ये गेलेच नाहीत, म्हणजे ते तिने खात्यातून काढून घेतले असं धरतात. तिचं वय एक्कावन्न. साठीच्या आत काढले म्हणून त्यावर वेगळा दहा टक्के दंड. कर भरला म्हणून दंड! चोराच्या उलट्या बोंबा याहून वेगळ्या काय असतात?

दुपारी हॉकर सेंटरवर जेवायला गेलो होतो. विनीता सूप पिता पिता एकदम म्हणाली, “माझं न्यू जर्सीचं खातं आहे ना, त्यात किती झालेत रे?”

मी म्हटलं, “वाढलेत.”

“मला एकदा बघायचंय. अकरा वर्षं रक्ताच्या नळ्या तपासल्या मी त्या हॉस्पिटलात. मैत्रेयी सहा महिन्यांची होती, तिला तुझ्याकडे निजवून रात्रपाळीला जायचे. आपल्या घरात बाकी सगळं तुझं आणि माझं मिळून आहे. तेवढं एक मी एकटीने केलंय.”

“पैसे शेवटी घरचेच गं.”

“हो, घरचेच. पण बघायचेत मला.”

तिला अचानक काय झालंय कळत नाही. सव्वीस वर्षांत एकदा विचारलं नाही. रत्नदीपनेच काहीतरी भरवलं असणार.

१३ जुलै, रविवार

आज जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. “पासवर्ड सांग.”

मी म्हटलं, साइट बंद आहे, रविवारी दुरुस्ती चालते त्यांची.

मैत्रेयीने मोबाइलमधून डोकं वर काढलं. हिला सतरावं लागल्यापासून घरात दुसरा वकील झाला आहे, तोही इथल्या पोरांच्या सिंगापुरी इंग्रजीत बोलणारा. “बाबा, साइट इज ओके लाह. आई, जस्ट रीसेट. दे विल सेंड अ कोड.”

विनीताने रीसेट दाबलं. म्हणाली, “कोड तुझ्या फोनवर येईल ना? सांग.”

फोन माझ्या खिशात थरथरला.

मी म्हटलं, “नाही आला.”

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मग मैत्रेयी “वॉव” म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. आपल्याच घरात, आपल्याच पोरीने असं बघावं! पुण्यात आमच्या वडिलांच्या खिशाकडे कुणी डोळा वर करून पाहिलं नसतं.

सांगणारच आहे मी तिला. पण नीट, आकडे जुळवून, कोष्टक करून. अर्धवट माहिती दिली की माणसं घाबरतात.

१९ जुलै, शनिवार

कोष्टक केलं. पंचवीस वर्षांनी तिचा फायदाच होतो, बाजार वर्षाला सात टक्के वाढला तर. सहा धरले तर जेमतेम. पाच नको धरायला.

९ ऑगस्ट, शनिवार

सिंगापूरचा राष्ट्रीय दिवस. सकाळपासून डोक्यावर विमानांची घरघर, खाली पोरांच्या हातात लाल-पांढरे झेंडे.

मी पहाटे साडेपाचला रिझर्व्हॉयरवर फिरायला गेलो होतो. परत आलो तर विनीता ओट्याशी फोनवर इंग्रजीत बोलत होती. जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, न्यू जर्सीचा जुना पत्ता, हॉस्पिटलचं नाव, एकेक सांगत होती. मला बघून थांबली नाही. शेवटी “थँक यू सो मच” म्हणाली, फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. मी विचारलं, कुणाचा फोन? म्हणाली, “माझा.”

पोळ्या केल्या, भाजी केली, परेडची तयारी टीव्हीवर बघितली. संध्याकाळी पाच वाजता माझ्यासमोर प्रिंट केलेले चार कागद ठेवले. नोव्हेंबरचं स्टेटमेंट वर होतं.

“हे कोणी केलं?”

“मीच. तुझ्या भल्यासाठी. म्हातारपणी एक पैसा कर लागणार नाही तुला. मी कोष्टक केलंय, दाखवतो.”

“माझ्या नावाने तू बटण दाबलंस.”

“नेहमीच तर मी दाबतो!”

“तुझ्या खात्याचं पण केलंस?”

मी पाणी प्यायलो.

“अरे, विचारतेय. तुझ्या खात्याचं केलंस?”

“नाही. आधी बघत होतो कसं होतंय.”

“माझ्यावर.”

ती ओरडली असती तर मी पण ओरडलो असतो, आणि भांडून दोन तासांत मोकळे झालो असतो. पण तिने कागद परत फाइलमध्ये लावले आणि विचारलं, रात्री खिचडी टाकू की मुगाची धिरडी? या शांतपणाची मला शिसारी आली. धिरडी म्हटलं.

२४ ऑगस्ट, रविवार

पंधरा दिवस झाले. घर अगदी सुरळीत चाललं आहे. डबा मिळतो, चहा मिळतो, कपडे इस्त्री होऊन येतात. गणपतीच्या तयारीचं बोलणं होतं. खात्याचं नाव काढलं की “बघते” म्हणते. काय बघते? बघणारा मी होतो ना?

कोष्टक दोनदा टेबलावर ठेवलं. दोन्ही वेळा त्याच्यावर भाजी निवडलेली सापडली.

६ सप्टेंबर, शनिवार

रिटर्न तयार केलं. दोघांचं मिळून, नेहमीसारखं. विनीताला म्हटलं, १५ ऑक्टोबर शेवटची तारीख. एकदा नजर टाक आणि हो म्हण, मग मी पाठवतो.

ती म्हणाली, “शेवटच्या पानावर काय लिहिलंय वाच.”

“माहीत आहे. छापील मजकूर आहे.”

“वाच ना.”

वाचलं. यातली सगळी माहिती आम्ही तपासली आहे, खोटं असल्यास शिक्षेस पात्र आहोत, वगैरे.

“सव्वीस वर्षं मी हे शपथेवर सांगत आले,” ती म्हणाली, “आणि मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. मी विचार करते.”

दहा हजार भरायचे ते मी माझ्या खिशातून देतो, असंही सांगितलं. वर तो दंडही. “बघते,” म्हणाली. एवढा उदारपणा दाखवला तरी पालथ्या घड्यावर पाणी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मंडळात बातमी फुटली आहे. शैलेंद्रने फोन करून अगदी मधाळ आवाजात विचारलं, “काय रे, रूपांतराचं व्याख्यान परत ठेवायचं का? लोकांना शंका आहेत.” मी फोन ठेवला. या माणसाचे रिटर्न मी सहा वर्षं फुकट भरले.

रत्नदीप एमआरटीत भेटला. आधी त्याने नमस्कार केला. मग म्हणाला, “दादा, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. फोन करायला हवा होता तुम्हाला.” माफी मागत होता! त्याने मला काही बोलायला जागाच ठेवली नाही. पुढच्या स्टेशनवर उतरलो आणि मागून येणाऱ्या गाडीने गेलो.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज घरूनच काम होतं. विनीता क्लेमेंटीला, मैत्रेयी कॉलेजात.

रिटर्न तसंच पडलं आहे. तीन आठवडे राहिले. हिच्या ‘बघते’पायी दोघांना भुर्दंड बसेल. अकरा वाजता मी लॅपटॉप उघडला. तिच्या सहीच्या जागी पाच आकडी पिन लागतो. तो गेली कित्येक वर्षं मीच टाकतो, मला पाठ आहे. यात नवीन काही नाही. टाकला. पाठवलं. छातीवरचा दगड उतरला, चहा केला.

बाराला उत्तर आलं. रिटर्न नामंजूर. कारण, पत्नीच्या सोशल सिक्युरिटी नंबरावर या वर्षीचं रिटर्न आधीच दाखल झालेलं आहे.

हे प्रकार मी वाचलेत. लोकांचे नंबर चोरतात, त्यांच्या नावाने खोटी रिटर्न भरतात, आणि मूळ माणूस वर्षभर खेटे घालत बसतो. कुणा हरामखोराने विनीताचा नंबर चोरला होता. तिने इतकी वर्षं जपून ठेवलेलं नाव, आणि कुणीतरी परक्याने येऊन खुशाल वापरलं! मला राहवेना. तिला फोन केला.

“विनीता, घाबरू नकोस. कुणीतरी तुझ्या नावाने रिटर्न भरलंय.”

पलीकडे लॅबमधल्या यंत्राची घूंघूं ऐकू येत होती.

“हो,” ती म्हणाली. “मी.”

“कधी?” मी विचारलं.

“मागच्या सोमवारी भरलं. माझं एकटीचं, वेगळं.” मग तिने विचारलं, “तुला कसं कळलं, प्रताप?”

मी फोन ठेवला. खरं म्हणजे ठेवला नाही, हातातून टेबलावर पडला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री तिने भांडण केलं नाही. मीच केलं. म्हटलं, वेगळं भरलंस म्हणजे दर चढा लागतो, चार हजार डॉलर जास्त गेले, त्या रत्नदीपने तुला खड्ड्यात घातलं.

“रत्नदीपला माहीतही नाही. मी स्वतः वाचलं. बेडोक ते क्लेमेंटी पंचेचाळीस मिनिटं लागतात. जाताना वाचायचे, येताना वाचायचे. पहिल्या आठवड्यात काही कळलं नाही. मग कळलं.”

“आणि पैसे?”

“माझ्या पगारातून भरले. दंडासकट.”

“अगं, पण मी देतो म्हणालो होतो!”

“हो. म्हणाला होतास.”

“तू त्यांना लिहू शकली असतीस, की हे मी केलेलं नाही, नवऱ्याने केलंय.”

“लिहिलं असतं तर तुझी चौकशी लागली असती. मैत्रेयीचं कॉलेज आहे. मी लिहिलं, पैसे वळवले, एवढंच. रूपांतर झालंय हे खरंच आहे ना?”

मैत्रेयी दारात उभी होती. काल पहिल्यांदा ती मराठीत बोलली. “बाबा, सॉरी म्हण ना.” मी म्हटलं, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये.

इथे लिहून ठेवतो. मी काल परत तिचा पिन टाकला, हे तिला फोनवरच कळलं असणार. तिने रात्रभरात ते एकदाही काढलं नाही. मला स्वतःची किळस आली, आणि ही किळस कुणावर ढकलावी हे शोधत मी आज अख्खा दिवस ऑफिसात बसलो.

१ ऑक्टोबर, बुधवार

तिने वेगळं भरलं म्हणून मलाही वेगळंच भरावं लागणार. ते करताना लक्षात आलं की मोठ्या खात्याशिवाय माझं जे छोटं रॉथ आहे, त्यात मी गेल्या वर्षी नवे आठ हजार भरले होते. नवराबायको एकत्र भरत असतील तर ते चालतात. एका छपराखाली राहून वेगळं भरलं, तर मला रॉथमध्ये एक डॉलरही टाकायची परवानगी नाही. न काढल्यास दरवर्षी सहा टक्के दंड.

सोपा उपाय एकच. १५ ऑक्टोबरच्या आत ते साध्या खात्यात फिरवून घ्यायचे, जणू पहिल्यापासून तिथेच भरले होते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ढकलत ढकलत आजवर आणलं. सकाळी सहाला ब्रोकरला फोन केला. खातं माझं, त्यामुळे माझ्याशी बोलायला हरकत नव्हती. मुलगा होता कुणी. “नो प्रॉब्लेम सर.” रक्कम विचारली, वर्ष विचारलं, त्या पैशांवर झालेला नफाही मोजून सोबत पाठवला. बारा मिनिटं लागली. म्हणाला, हे पैसे रॉथमध्ये कधी गेलेच नव्हते असं आता धरलं जाईल.

मी विचारलं, “आणि कन्व्हर्जन? समजा कुणाचं चुकून झालं असेल तर?”

“ते उलटत नाही सर.”

मला माहीतच होतं. तरी विचारलं.

रिटर्नसोबत एक निवेदन जोडावं लागतं. काय फिरवलं, किती, कधी, का. मंडळातल्या चार जणांना मी ते लिहून दिलंय, माझ्या हातचा मळ. आज ‘का’पाशी अडलो. आधी लिहिलं, ‘दाखल करण्याच्या पद्धतीत बदल झाल्यामुळे.’ वाचलं तर ओकारी येईल इतकं गुळगुळीत वाटलं. खोडलं. मग लिहिलं, ‘माझ्या पत्नीने माझ्यासोबत रिटर्न भरलं नाही. तिला न विचारता मी तिच्या खात्यात हात घातला होता.’ हे तिथल्या कारकुनाला नको आहे, त्याला फक्त तारीख आणि रक्कम हवी. दुसरं वाक्य काढावं म्हणून बोट कीबोर्डवर ठेवलं आणि तसंच बसून राहिलो.

विनीता कामावर जायला निघाली होती. खांद्याला पिशवी, हातात छत्री. माझ्या मागे येऊन उभी राहिली. स्क्रीनवरचं तिने वाचलं का, मला कळलं नाही. मी वळून बघितलं नाही.

“तुझं उलटलं का?” तिने विचारलं.

“हो. बारा मिनिटांत.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि चपला घालून गेली.

तिने ते मनापासून म्हटलं होतं. मी तिचा आवाज सव्वीस वर्षं ओळखतो. त्यात टोमणा असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.